जॉइन आणि मोजणीच्या सबक्वेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात टँकर आणि विहीर अधिग्रहणाचे अहवाल तयार होऊ लागले की एसक्यूएलविषयीचे (डेटाबेसमधून माहिती मागण्याच्या भाषेविषयीचे) ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे कधी तालुक्याच्या कार्यालयासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे असतात, कधी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी असतात. परंतु अडचण बहुधा एकच असते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कोणतीही तक्रार न करता चालते आणि चुकीचा आकडा देते. पाण्याच्या अहवालातील चुकीच्या आकड्यावर उद्याच्या टँकरचे नियोजन ठरत असल्यामुळे या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

सर्व उदाहरणांत पुढील टेबले गृहीत धरली आहेत. 'गाव' या टेबलात गाव_क्र, नाव, तालुका_क्र आणि मंजूर_फेऱ्या हे कॉलम आहेत. 'फेरी' या टेबलात टँकरच्या प्रत्येक फेरीची एक ओळ असून तिच्यात फेरी_क्र, गाव_क्र, टँकर_क्र, दिनांक आणि लिटर हे कॉलम आहेत. 'अधिग्रहण' या टेबलात अधिग्रहित केलेल्या प्रत्येक विहिरीची एक ओळ असून तिच्यात अधिग्रहण_क्र, गाव_क्र, पासून आणि पर्यंत हे कॉलम आहेत. नमुन्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात तीन काल्पनिक गावे मानली आहेत. वडगावला तीन फेऱ्या झाल्या (१०,०००, १०,००० आणि १२,००० लिटर) आणि तेथे दोन विहिरी अधिग्रहित आहेत. शिवणीला दोन फेऱ्या झाल्या, मात्र तेथे विहीर नाही. पिंपळगावला एकही फेरी झाली नाही, परंतु एक विहीर अधिग्रहित आहे.

येथे आदेशही देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष चालवताना आदेशांचे शब्द आणि अंक रोमन लिपीत लिहावे लागतात. टेबल व कॉलमची नावे मात्र पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेस प्रणालींत देवनागरीत ठेवता येतात.

१. प्रत्येक गावाच्या फेऱ्या मोजायच्या आहेत. जॉइन वापरावा की सबक्वेरी?

जॉइन दोन टेबलांच्या जुळणाऱ्या ओळी एकमेकींना जोडतो; सबक्वेरी म्हणजे क्वेरीच्या आत लिहिलेली क्वेरी. मोजायचे टेबल एकच असेल तर दोन्ही मार्ग बरोबर आहेत. सबक्वेरीचा मार्ग असा:

```
सिलेक्ट ग.नाव,
       (सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम फेरी फ
        वेअर फ.गाव_क्र = ग.गाव_क्र) ॲज फेऱ्या
फ्रॉम गाव ग;
```

ग आणि फ ही 'गाव' व 'फेरी' या टेबलांची टोपणनावे आहेत. येथे बाहेरच्या क्वेरीची एक ओळ म्हणजे एक गाव, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलत नाही. म्हणूनच नव्याने शिकणाऱ्यांनी आधी हीच रचना समजून घ्यावी, असे माझे मत आहे. जॉइनच्या मार्गात एका गावाच्या अनेक ओळी होतात आणि त्या ग्रुप बायने (ओळींचे गट पाडणाऱ्या कलमाने) पुन्हा एकत्र कराव्या लागतात. कोणतीही क्वेरी लिहिण्यापूर्वी 'या टप्प्यावर एक ओळ म्हणजे नेमके काय?' हा प्रश्न स्वतःला विचारावा, कारण या पानावरील बहुतेक चुका त्याचे उत्तर मध्येच बदलल्यामुळे झालेल्या आहेत.

२. फेऱ्या आणि विहिरी एकाच क्वेरीत मोजल्या की दोन्ही आकडे फुगतात. असे का होते?

'गाव'ला 'फेरी' जोडल्यावर वडगावच्या तीन ओळी होतात. त्यांना 'अधिग्रहण' जोडले की त्या तीन ओळींपैकी प्रत्येक ओळ दोन्ही विहिरींशी जुळते आणि एकूण सहा ओळी तयार होतात. फेरी आणि विहीर यांचा आपसात काहीही संबंध नाही. दोघींचा संबंध फक्त गावाशी आहे. जॉइनला मात्र एवढेच कळते की गाव_क्र जुळला, म्हणून तो सर्व शक्य जोड्या लावतो. परिणामी काउंट(फ.फेरी_क्र) सहा येतो, काउंट(अ.अधिग्रहण_क्र) हाही सहाच येतो आणि ३२,००० लिटर पाणी ६४,००० लिटर दिसते.

ही चूक लवकर सापडत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ज्या गावात एकच विहीर आहे तेथे गुणाकार एकने होतो आणि फेऱ्यांचा आकडा बरोबर येतो. चाचणीसाठी घेतलेल्या गावांत दोन विहिरी असलेले गाव नसेल तर क्वेरी निर्दोष वाटते आणि चूक थेट जिल्ह्याच्या अहवालात पोहोचते. म्हणून दोन्ही टेबलांत किमान दोन-दोन ओळी असलेले एक गाव चाचणीत असलेच पाहिजे.

३. काउंटच्या आत डिस्टिंक्ट लावले की प्रश्न सुटतो ना?

डिस्टिंक्ट समान मूल्ये एकदाच धरते, म्हणून मोजणीपुरता सुटतो. काउंट(डिस्टिंक्ट फ.फेरी_क्र) वडगावसाठी तीन देईल आणि काउंट(डिस्टिंक्ट अ.अधिग्रहण_क्र) दोन देईल. तरीही हा उपाय सवयीचा करू नये. पहिले कारण असे की फुगलेल्या ओळी तयार होतातच. त्या नंतर गाळल्या जातात एवढेच. एका गावाच्या २०० फेऱ्या आणि १० विहिरी असतील तर डेटाबेस २,००० ओळी बनवून त्यांतून २०० वेगळ्या काढत बसतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बेरजेला हा उपाय लागू पडत नाही. सम(डिस्टिंक्ट फ.लिटर) लिहिणारे अनेक जण आढळतात, त्याने वडगावचे पाणी २२,००० लिटर येते, कारण १०,००० लिटरच्या दोन फेऱ्या समान मूल्याच्या असल्याने त्यांतील एक गळून जाते. टँकर ठरावीक क्षमतेचे असतात, त्यामुळे समान आकडे ही येथे नेहमीची बाब आहे. फुगलेला आकडा निदान संशयास्पद तरी दिसतो. असा घटलेला आकडा खरा वाटतो आणि तसाच पुढे जातो.

४. मग दोन किंवा अधिक टेबलांची मोजणी एकत्र दाखवण्याची योग्य रचना कोणती?

आधी मोजावे, मग जोडावे. प्रत्येक टेबलाची मोजणी स्वतंत्र सबक्वेरीत गावनिहाय पूर्ण करावी. त्या सबक्वेरीतून प्रत्येक गावाची जास्तीत जास्त एक ओळ बाहेर पडते, म्हणून ती जोडताना गुणाकार होऊच शकत नाही.

```
सिलेक्ट ग.गाव_क्र, ग.नाव,
       कोअलेस(फ.फेऱ्या, ०) ॲज फेऱ्या,
       कोअलेस(फ.पाणी, ०) ॲज पाणी,
       कोअलेस(अ.विहिरी, ०) ॲज विहिरी
फ्रॉम गाव ग
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट गाव_क्र, काउंट(*) ॲज फेऱ्या,
                   सम(लिटर) ॲज पाणी
            फ्रॉम फेरी ग्रुप बाय गाव_क्र) फ
       ऑन फ.गाव_क्र = ग.गाव_क्र
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट गाव_क्र, काउंट(*) ॲज विहिरी
            फ्रॉम अधिग्रहण ग्रुप बाय गाव_क्र) अ
       ऑन अ.गाव_क्र = ग.गाव_क्र;
```

बाहेर ग्रुप बाय नाही, कारण त्याची गरजच उरलेली नाही. लेफ्ट जॉइन डाव्या टेबलाची, म्हणजे येथे 'गाव'ची, प्रत्येक ओळ ठेवतो, जोडीची ओळ सापडली नाही तरी. ज्या गावाची एकही फेरी नाही त्याची ओळ आतल्या सबक्वेरीत तयारच होत नाही, म्हणून तेथे नल (मूल्य नसल्याची खूण) येते आणि कोअलेस त्याचे शून्य करते. हीच रचना वाचायला सोपी करायची असेल तर दोन्ही सबक्वेरी वर 'विथ'ने नाव देऊन लिहाव्यात. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.० या आवृत्तीपासून आहे. टँकर कंत्राटदारांची देयके किंवा नागरिकांच्या तक्रारी असे तिसरे टेबल आले तरी आणखी एक सबक्वेरी जोडायची, बाकी काही बदलत नाही.

५. लेफ्ट जॉइन केला, तरी फेरी न झालेल्या गावापुढे शून्याऐवजी १ येतो. काय चुकले?

काउंट(*) ओळी मोजतो. लेफ्ट जॉइनमध्ये पिंपळगावची फेरी सापडली नाही तरी पिंपळगावची एक ओळ राहतेच; तिच्यातील फेरीचे सर्व कॉलम नल असतात. काउंट(*) ती ओळ मोजून १ देतो. त्याऐवजी काउंट(फ.फेरी_क्र) लिहावे. कॉलमचे नाव दिलेला काउंट नल सोडून मोजतो, त्यामुळे शून्य मिळते. कॉलम निवडताना उजव्या टेबलाची प्राथमिक कळ (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख असलेला, कधीही नल नसणारा कॉलम) निवडावी. लिटरसारखा कॉलम निवडला आणि एखाद्या खऱ्या फेरीचे लिटर नोंदवायचे राहिले असेल, तर ती फेरीही मोजणीतून सुटते.

६. माझ्या बाबतीत उलट होते. लेफ्ट जॉइन असूनही शून्य फेऱ्यांची गावे यादीतून गायब होतात.

वेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या कलमात) उजव्या टेबलावरची अट लिहिली गेली आहे. 'वेअर फ.दिनांक >= '२०२४-०५-०१'' अशी अट जॉइननंतर तपासली जाते; पिंपळगावच्या ओळीत दिनांक नल आहे, नलशी केलेली तुलना खरी ठरत नाही आणि ओळ गळते. लेफ्ट जॉइन नावापुरता उरतो, त्याचा साधा जॉइन होतो. ही अट ऑनमध्ये (जोडणीची अट लिहिण्याच्या कलमात) न्यावी, म्हणजे ती कोणत्या फेऱ्या जोडायच्या एवढेच ठरवते. गाव राहील की नाही हे ठरवत नाही. डाव्या टेबलावरची अट, उदाहरणार्थ फक्त सेनगाव तालुका, वेअरमध्येच ठेवावी. प्रश्न ४ च्या रचनेत तारखेची अट आतल्या सबक्वेरीच्या वेअरमध्ये जाते आणि हा धोका राहत नाही.

तारखेविषयी आणखी एक सूचना येथेच द्यायला हवी. दिनांक कॉलममध्ये वेळही साठवली जात असेल तर 'बिट्विन'ने ३१ मेपर्यंतची मर्यादा घातल्यावर ३१ मे सुरू होतो त्या मध्यरात्रीनंतरच्या, म्हणजे त्या दिवसभरातल्या, सर्व फेऱ्या सुटतात. '१ मे किंवा त्यानंतर, आणि १ जूनच्या आधी' अशी अट सुरक्षित आहे.

७. ज्या गावांना एकही फेरी झाली नाही, फक्त तीच गावे कशी काढावीत?

येथे मोजण्याची गरजच नाही. 'नॉट एक्झिस्ट्स' ('अशी एकही ओळ नाही' ही अट) वापरावे. त्याला हवी तशी एक ओळ सापडली की शोध थांबतो, तर काउंट शेवटपर्यंत मोजत राहतो.

'नॉट इन' मात्र जपून वापरावे. 'फेरी' टेबलात एखाद्या ओळीचा गाव_क्र भरायचा राहून तेथे नल असेल, तर 'गाव_क्र नॉट इन (सिलेक्ट गाव_क्र फ्रॉम फेरी)' ही अट कोणत्याच गावासाठी खरी ठरत नाही आणि यादी पूर्ण रिकामी येते. रिकामी यादी पाहून सर्व गावांना पाणी पोहोचले असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो, म्हणून हा मुद्दा मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

८. 'कॉलम ग्रुप बायमध्ये नाही' अशी त्रुटी नव्या सर्व्हरवर येते. जुन्यावर तीच क्वेरी चालत होती.

मायएसक्यूएलच्या ५.७.५ आवृत्तीपासून 'ओन्ली फुल ग्रुप बाय' ही (ग्रुप बायमध्ये नसलेला कॉलम थेट दाखवू न देणारी) शिस्त मूळ मांडणीतच चालू असते आणि तिचा भंग झाल्यास १०५५ क्रमांकाची त्रुटी येते. त्याआधी गटातील कोणत्याही एका ओळीचे मूल्य दाखवले जात असे. शिस्त बंद करून क्वेरी चालवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो मानू नये, कारण त्रुटी नाहीशी होते आणि चुकीचे मूल्य राहते. गाव_क्र ही प्राथमिक कळ असेल तर तिच्यावर गट केल्यावर ग.नाव दाखवायला मायएसक्यूएल ५.७.५ नंतर आणि पोस्टग्रेसक्यूएल ९.१ पासून हरकत घेत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र नावही ग्रुप बायमध्ये लिहावे लागते.

९. पाचपेक्षा जास्त फेऱ्यांची गावे हवी आहेत, पण वेअरमध्ये काउंट चालत नाही.

वेअर गट पडण्याआधी तपासला जातो, तेव्हा मोजणी झालेली नसते. गटावरची अट हॅविंगमध्ये लिहावी. सिलेक्टमध्ये दिलेले टोपणनावही वेअरला दिसत नाही. मायएसक्यूएल हॅविंगमध्ये टोपणनाव स्वीकारतो, पोस्टग्रेसक्यूएल स्वीकारत नाही. प्रश्न ४ च्या रचनेत मोजणी आधीच झालेली असल्याने तेथे फ.फेऱ्या > ५ ही अट वेअरमध्ये चालते.

१०. सबक्वेरीने एकापेक्षा जास्त ओळी दिल्याची त्रुटी येते.

सिलेक्टमध्ये किंवा बरोबरच्या चिन्हासमोर बसवलेल्या सबक्वेरीतून एकच मूल्य यावे लागते. मायएसक्यूएलमध्ये या त्रुटीचा क्रमांक १२४२ आहे. मोजणीच्या सबक्वेरीत ती आली तर आत नको असलेला ग्रुप बाय आहे, असे बहुतेक वेळा निघते, तो काढावा. लिमिट १ लावून त्रुटी दडपू नये, कारण त्यामुळे अनेक गटांपैकी कोणत्या तरी एकाचा आकडा मिळतो.

११. प्रत्येक गावापुढे एकच मोठा आकडा येतो.

सबक्वेरीत टेबलांची टोपणनावे लिहिलेली नाहीत. 'वेअर गाव_क्र = गाव_क्र' असे लिहिल्यास दोन्ही नावे आतल्या 'फेरी' टेबलाचीच मानली जातात; अट नेहमी खरी ठरते आणि जिल्ह्याच्या सर्व फेऱ्या प्रत्येक गावापुढे येतात.

याच नियमाचे दुसरे रूप घातक आहे. समजा 'टँकर' नावाच्या टेबलात गाव_क्र हा कॉलमच नाही, आणि कोणी लिहिले: 'डिलीट फ्रॉम फेरी वेअर गाव_क्र इन (सिलेक्ट गाव_क्र फ्रॉम टँकर)'. त्रुटी येईल अशी अपेक्षा असते, पण आत न सापडलेले नाव बाहेरच्या टेबलात शोधले जाते. ते तेथे सापडते, अट खरी ठरते आणि 'टँकर' रिकामे नसेल तर गाव_क्र असलेल्या सर्व फेऱ्या पुसल्या जातात. सबक्वेरीतील प्रत्येक कॉलमपुढे टोपणनाव लिहिण्याची सवय लावून घ्यावी. 'ट.गाव_क्र' लिहिले असते तर डेटाबेसने तेथेच अडवले असते.

१२. वेगासाठी सबक्वेरी काढून जॉइन केला आणि उत्तरातून काही गावे कमी झाली. दोन्ही क्वेरी समानार्थी नाहीत का?

नाहीत, आणि या फरकाला संशोधनाचा इतिहास आहे. मंजूर फेऱ्या आणि झालेल्या फेऱ्या समान असलेली गावे काढायची आहेत असे समजा. सबक्वेरीच्या रूपात अट अशी असते: ग.मंजूर_फेऱ्या = (सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम फेरी फ वेअर फ.गाव_क्र = ग.गाव_क्र). पिंपळगावला मंजुरी शून्य आणि झालेल्या फेऱ्याही शून्य असतील तर शून्य बरोबर शून्य होऊन ते यादीत येते. तीच क्वेरी गटवार मोजणी करून साध्या जॉइनने लिहिली तर पिंपळगावची मोजलेली ओळच नसते आणि ते वगळले जाते.

वॉन किम यांनी १९८२ मध्ये नेस्टेड क्वेरींचे (सबक्वेरी असलेल्या क्वेरींचे) जॉइनमध्ये रूपांतर करण्याच्या पद्धती मांडल्या. त्यांतील मोजणीच्या रूपांतरात हाच दोष निघाला आणि तो 'काउंट बग' या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८७ मध्ये गान्स्की आणि वाँग यांनी आउटर जॉइन (लेफ्ट जॉइन हा त्याचाच एक प्रकार) वापरून त्यावरचा उपाय मांडला. आपण हाताने क्वेरी बदलतो तेव्हा हीच काळजी आपल्यालाही घ्यावी लागते: लेफ्ट जॉइन ठेवावा आणि तुलना कोअलेस(फ.फेऱ्या, ०) शी करावी.

एक बारकावा येथे लक्षात ठेवावा. ग्रुप बाय नसलेला काउंट रिकाम्या टेबलावरही एक ओळ देतो आणि तिच्यात शून्य असते. त्याच सबक्वेरीत 'ग्रुप बाय फ.गाव_क्र' जोडला तर गट एकही नसल्यामुळे ओळच येत नाही आणि बाहेर नल दिसते. सम मात्र ग्रुप बाय नसतानाही रिकाम्या संचासाठी नलच देतो, म्हणून पाण्याच्या बेरजेला कोअलेस नेहमीच लागते.

१३. एप्रिलच्या आणि मेच्या फेऱ्या शेजारी-शेजारी दाखवायच्या आहेत. दोनदा जॉइन करावा का?

करू नये, दोनदा जॉइन केल्यास प्रश्न २ मधील गुणाकार पुन्हा होतो. एकाच गटवार सबक्वेरीत सम(केस व्हेन … देन १ एल्स ० एंड) असे दोन कॉलम, ठिपक्यांच्या जागी त्या-त्या महिन्याची अट घालून, लिहावेत. काउंट वापरायचा असेल तर 'एल्स ०' लिहू नये, कारण शून्य हेही मूल्य आहे आणि काउंट ते मोजतो. पोस्टग्रेसक्यूएल ९.४ पासून आणि एसक्यूलाइट ३.३० पासून 'फिल्टर' हे कलम उपलब्ध आहे; ते अधिक स्पष्ट वाचता येते.

१४. सबक्वेरी, जॉइन, काउंट सर्व बरोबर आहे, तरी काही गावांचे आकडे चुकतात.

मग जोडणी नावावर केली आहे का ते पाहावे. वडगाव, पिंपळगाव, शिवणी अशी नावे मराठवाड्यात ठिकठिकाणी आहेत. नावावर गट केल्यास वेगवेगळ्या तालुक्यांतील गावे एक होतात. बुद्रुक आणि खुर्द कोणी लिहितो, कोणी गाळतो. जिल्ह्यांच्या बाबतीत जुन्या फायलींत औरंगाबाद व उस्मानाबाद आणि नव्या फायलींत छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी नावे असतात. नावावर केलेला जॉइन अशा ओळी आवाज न करता सोडून देतो. युनिकोडची अडचण याहून सूक्ष्म आहे. 'ऱ्ह' मधील ऱ एका चिन्हाने किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलनेत मात्र वेगळे ठरू शकतात. म्हणून जोडणी कोडवरच करावी. जनगणना २०११ मधील गावांचे सहा अंकी कोड यासाठी उपयोगी पडतात.

१५. क्वेरी बरोबर आहे, पण फार वेळ घेते.

प्रथम फेरी.गाव_क्र वर इंडेक्स (ओळी लवकर शोधण्याची सूची) आहे का ते पाहावे. मायएसक्यूएलचे इनोडीबी (माहिती साठवणारे इंजिन) परकीय कळीसाठी (दुसऱ्या टेबलाच्या कळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमसाठी) इंडेक्स स्वतः तयार करते. पोस्टग्रेसक्यूएल तसे करत नाही आणि अनेकांना हे माहीत नसते. त्यानंतर रचनेचा विचार करावा. सर्व गावांचा अहवाल असेल तर प्रश्न ४ ची रचना सहसा वेगवान ठरते, कारण 'फेरी' एकदाच वाचली जाते. एकाच गावाचे पान दाखवायचे असेल तर प्रश्न १ मधील सबक्वेरी इंडेक्सच्या आधाराने नेमक्या तेवढ्याच ओळी वाचते. अंदाज बांधण्याऐवजी डेटाबेस क्वेरी कशी चालवणार हे दाखवणारे 'एक्सप्लेन' चालवून पाहावे.

१६. एकूण फेऱ्यांसोबत शेवटच्या फेरीचा टँकर क्रमांकही हवा आहे.

मॅक्स(दिनांक) ने तारीख मिळते, पण त्या ओळीतील टँकर_क्र मिळत नाही. त्यासाठी विंडो फंक्शन (ओळी एकत्र न करता गटावर हिशेब करणारे) वापरावे: 'रो नंबर' गावनिहाय, दिनांकाच्या उतरत्या क्रमाने, आणि शेजारी काउंट(*) ओव्हर गावनिहाय. बाहेरच्या क्वेरीत क्रमांक १ च्या ओळी ठेवाव्यात. एकाच दिवशी दोन फेऱ्या होतात, म्हणून क्रमात फेरी_क्र ही जोडावा. मायएसक्यूएलमध्ये विंडो फंक्शन ८.० पासून आहेत. त्यांच्यात काउंट डिस्टिंक्ट मात्र पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर यांपैकी कोठेही चालत नाही; तशी मोजणी वेगळ्या सबक्वेरीतच करावी.

१७. ओळींचा गुणाकार नेहमीच चूक असतो का?

नाही. 'विहीर अधिग्रहित असतानाही त्याच गावाला टँकरच्या किती फेऱ्या झाल्या?' या प्रश्नात फेरी आणि विहीर यांचा संबंध खरोखर आहे, तो तारखेचा आहे. येथे दोन्ही टेबले गाव_क्र वर आणि 'फेरीचा दिनांक पासून व पर्यंत यांच्या दरम्यान' या अटीवर जोडावी लागतात. अधिग्रहण अजून चालू असेल तर पर्यंत नल असतो, म्हणून त्या अटीत कोअलेस(अ.पर्यंत, आजचा दिनांक) लिहावे. त्या दिवशी दोन विहिरी चालू असतील तर फेरीच्या दोन ओळी होतील, आणि काय मोजायचे हे प्रश्नावरून ठरेल. विहिरीनिहाय अहवाल हवा असेल तर दोन्ही ओळी योग्य आहेत. फक्त फेऱ्या मोजायच्या असतील तर विहिरीचे टेबल जोडू नये. तीच अट 'एक्झिस्ट्स'मध्ये लिहावी, म्हणजे प्रत्येक फेरी एकदाच मोजली जाते आणि लिटरची बेरीजही बरोबर राहते.